पंचमातली घरघर

आमच्या घरात माणसं बोलण्यापेक्षा ऐकत जास्त, आणि ही सवय चांगली होती असं मी आता म्हणणार नाही. घर पांढरकवड्याला, हमरस्त्याच्या लगत. नागपूरहून हैदराबादकडे जाणारे ट्रक दारावरून जात आणि बाबा ओसरीत बसून नुसत्या आवाजावरून सांगत, "हा भरेल आहे," "हा खाली परतून राह्यला." माय चुलीपाशी भाकरी थापायला बसली की त्या थापांवरूनही ते तिचा राग ओळखत. थापा जोरात आणि जवळजवळ पडू लागल्या की मला हळूच म्हणत, "वश्या, आज वरणात मीठ नसलं तरी बोलू नोको." बाबांची बँड पार्टी होती. पावसाळ्यात शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर, आणि तुळशीचं लग्न लागलं की गावोगावची वऱ्हाडं. मागच्या अंगणात टिनाची सपरी होती, तिथं बाजे दुरुस्त होत. तापलेलं पितळ, राळ आणि गोडं तेल यांचा वास तिथून निघून थेट स्वयंपाकात शिरे. माय म्हणे, "भाजीले बाजाचा वास येते अन् बाजाले अंबाडीच्या भाजीचा. पाहुण्यायनं खावं काय अन् ऐकावं काय?"

बाबांनी एकदा नागपूरला कुठल्याशा संचलनात फ्रेंच हॉर्न ऐकला आणि ते आजारी पडल्यासारखे घरी आले. ट्रम्पेट समोरच्याच्या तोंडावर आदळतो, हा बाजा म्हणे मागून येऊन खांद्यावर हात ठेवतो. शेवटी त्यांनी उत्तरेकडच्या एका कारखान्यातून दोन हॉर्न मागवले. गवतात गुंडाळलेल्या त्या गोल वेटोळ्यांना आमच्या पार्टीने पाहताक्षणी जिलेबी हे नाव ठेवलं. दिसायला सोन्यासारखे, पण फुंकले तर सर्दी झालेली म्हैस. फुंक आत जाई आणि कुठे तरी हरवून जाई. आमचा क्लॅरिनेटवाला गुलाब, महागावजवळच्या तांड्यातला, माझ्याहून थोडा मोठा आणि जिभेने तिखट. तो म्हणाला, "भिया, हे वाजवाची गोष्ट नोहे. हे तळून पाकात टाका." हॉर्न वाजवायचं काम माझ्याकडे आलं होतं. कॉलेजात नापास होऊन मी घरी बसलो होतो आणि घरात माझ्या वाट्याला आलेली ती एकुलती एक मानाची वस्तू होती. ती अशी रेकत असताना लोक हसले की मला वाटे, हॉर्नला नाही, मलाच हसून राहिलेत.

त्याच सुमारास माझी थोरली बहीण कुसुमताई आणि तिचे यजमान देवराव भाऊजी आमच्याकडे राहायला आले. भाऊजी राजूरचे, कोळशाच्या खाणीच्या कारखान्यात फिटर होते. तिथलं काम सुटलं. का सुटलं ते त्यांनी एकदा सांगितलं, आणि एकदाच सांगितलं म्हणून आमच्याकडे कोणाचा त्यावर विश्वास बसला नाही. घरजावई हा शब्द आमच्या बाजूला कसा उच्चारला जातो ते सांगायला नको. समोर 'जवाईबापू', पाटाखाली पाट, पहिली भाकर त्यांना. पाठ फिरली की त्यांच्या ताटातल्या भाकरी कोणी तरी मोजलेल्या असत. भाऊजींना ते कळत असावं, कारण ते नेहमी एक भाकर कमी खात. आम्ही त्याचाही अर्थ लावला. गुलाब म्हणाला, "कमी खाणारा माणूस बाहेर खात असते."

पण हात मात्र अजब होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी न विचारता एक हॉर्न खोलून सपरीत मांडला, नळ्या एकीकडे, फिरक्या एकीकडे. ट्रम्पेटमध्ये वरून दाबायचे दट्टे असतात, हॉर्नमध्ये बोटाने दाबलं की आत एक फिरकी वळते आणि वारा दुसऱ्या नळीतून जातो. कारखान्याने ती फिरकी ज्या दोरीने बांधली होती ती दोन लग्नांत तुटायची. भाऊजींनी तिथे मासे धरायच्या गळाची दोरी बांधली. फिरक्या वस्त्रगाळ राख आणि गोडं तेल लावून इतक्या घासल्या की बोट लावताच त्या बिनआवाज वळू लागल्या. नळ्यांच्या सांध्यांतून आत सांडून गोठलेले झाळेचे, म्हणजे सांधे जोडायच्या वितळलेल्या धातूचे, थेंब त्यांनी चिंध्यांचे बोळे ओढून आणि तारेने खरवडून काढले. मूळ हॉर्नचं तोंड मागे असतं आणि वाजवणारा त्यात उजवा हात घालून सूर सांभाळतो. वरातीत ते काय कामाचं? नवरदेव पुढे आणि आवाज मागे येणाऱ्या बैलगाडीला. भाऊजींनी तोंडाची नळी कापली, तिला राळ भरून वाकवली आणि तोंड समोर वळवलं. राळ भरली नाही तर नळी वाकताना चेपते, आणि नंतर शेकून ती सगळी बाहेर काढावी लागते. आत हात नसला की सूर चढतो, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी ती नळी अंगठ्याच्या पेराएवढी लांब ठेवली.

सगळ्यात नाजूक काम ओठांकडच्या नळीचं. कारखान्याची नळी सरळसोट होती. भाऊजींनी एक पोलादी सळई स्वतः घासून निमुळती केली, तिच्यावर पितळेचा पत्रा लपेटायचा, शिवण झाळायची आणि लाकडी हातोडीने ठोकत सळईच्या आकारावर आणायचा. त्या सळईचा उतार हेच खरं गुपित. ती सळई कापडात गुंडाळून ते आढ्याला खोचून ठेवत. पहिला हॉर्न तयार झाला तेव्हा मी सपरीतच फुंकला आणि रस्त्यावर चहा पिणारे ड्रायव्हर कप हातात घेऊन आमच्या कुडापाशी आले. बाबांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या खांद्यावर नाही. ही नोंद मी तेव्हाच मनात करून ठेवली असली पाहिजे, कारण आज इतकं काही विसरल्यावर तीच जागच्या जागी आहे.

त्या मोसमात आमची पार्टी हॉर्नवाली पार्टी म्हणून गाजली. हॉर्नच्या फिरक्या डाव्या हाताने दाबाव्या लागतात. उमरीकडच्या एका लग्नात नवरीचा मामा मला अडवून म्हणाला, "मंगल कार्यात डाव्या हातानं वाजवून राह्यला? लाज आहे का?" मी गोंधळलो. भाऊजी मागून म्हणाले, "मामाजी, डाव्या हातानं वाजवला म्हणून उजवा हात बुंदीले मोकळा राह्यते." मामासकट सगळे हसले आणि पंगतीत आम्हाला बुंदी खरंच जास्त वाढली. मी पण हसलो. मनात मात्र आलं की हा माणूस प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार ठेवून असतो. ज्याच्याजवळ लपवायला काही नाही त्याला इतकी उत्तरं कशाला लागतात?

आज माझ्या कानात यंत्र आहे. दारावरचे ट्रक आता उड्डाणपुलावरून जातात, भरलेला कोणता आणि रिकामा कोणता ते कळत नाही. लग्नात डीजे असतो. तरी अधूनमधून कोणी तरी घरी येतं, जुन्या बँडवर माहिती गोळा करणारं, आणि मला विचारतं की तोंड समोर केलेला हॉर्न या भागात पहिल्यांदा तुमच्या वडिलांनी बनवला ना? इतकी वर्षं मी हो म्हणत आलो. मागच्या वर्षी एका मुलाने मोबाइल समोर धरून हेच विचारलं, आणि माझ्या तोंडून हो निघालं नाही. खोकला आला असं दाखवून मी आत गेलो. त्यानंतरच हे लिहायला बसलो.

भाऊजी दर मंगळवारी कुठे तरी जात. सकाळी आंघोळ करून, पिशवी घेऊन, वणीकडे जाणाऱ्या ट्रकला हात दाखवून निघत आणि दिवेलागणीला परत येत. विचारलं तर म्हणत, "झाळ आणाले गेलतो." झाळ पांढरकवड्यातही मिळत होती. पिशवी जाताना भरलेली असे आणि येताना जवळजवळ रिकामी. हे मी पाहिलं, मग गुलाबने पाहिलं, मग पाहायचं म्हणून सगळे पाहू लागले. एकदा मी कुसुमताईला विचारलं, "भाऊजी मंगळवारी जातात कुठं?" ती उखळीत तिखट कुटत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यायलेच विचार ना. तुले तोंड नाही?" तिने सरळ सांगितलं नाही, म्हणजे तिलाही माहीत आहे आणि तीही सामील आहे, असं मी ठरवून टाकलं. एकदा असं ठरलं की बाकीचं आपोआप जुळत जातं. भाऊजी दोऱ्याने नळ्या मोजत, तो दोरा खिशात घालत. का घालतात? ते हळू बोलत. हळू का बोलतात?

मग महागावचं लग्न आलं. गावात त्याच दिवशी दुसऱ्या घरीही लग्न होतं आणि तिथे वणीकडची एक पार्टी आली होती. वरात निघण्याआधी त्यांचा हॉर्नवाला, लाल फेटा बांधलेला एक पोरगेला माणूस, आमच्याकडे आला, सरळ भाऊजींपाशी गेला आणि वाकून म्हणाला, "उस्ताद, राम राम." भाऊजी हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली. बाबा पाहत होते. गुलाबने माझ्याकडे पाहिलं. भाऊजींनी आपणहून सांगितलं, "मागं एकदा रस्त्यावर त्याची दोरी तुटली होती, मी बांधून देल्ली होती. तवापासून उस्ताद म्हणते." थोड्या वेळाने दोन गल्ल्या पलीकडून त्यांची वरात निघाली आणि त्यांचा हॉर्न मी ऐकला. रेकणारा नाही, गोल, भरीव, आमच्यासारखा. धावत जाऊन पाहिलं तर त्याचं तोंडही समोर वळवलेलं. त्या दिवशी मी पहिल्यांदाच एक सूर चुकलो, आणि त्याचं खापरही मनातल्या मनात भाऊजींवर फोडलं.

कानावरून शोधून काढायची सवय, तिने मला जो उपाय सुचवला तो आमच्यासारख्या घरालाच सुचला असता. भाऊजी शेतात गेलेले असताना मी आढ्याची सळई काढली आणि कानशीने तिच्या मधोमध एक बारीक खाच मारली. माझा हिशोब असा की यापुढे तिच्यावर जी नळी बनेल तिच्यात ती खाच उमटेल, वारा तिथे अडखळेल आणि एखादा सूर घरघरेल. तीच घरघर दुसऱ्या पार्टीच्या हॉर्नात ऐकू आली की चोर सापडला. मी स्वतःच्या हुशारीवर फार खूष होतो. पुढचा हॉर्न भाऊजींनी घाईत तयार केला, कारण बाबांना तो एका मोठ्या लग्नाला हवा होता. मी फुंकून पाहिला. सा ठीक, रे ठीक, आणि पंचमावर आलो तशी बारीक घरघर. डब्यात माशी अडकल्यासारखी. भाऊजी मान तिरपी करून ऐकत होते. "पंचमात काही तरी आहे," ते म्हणाले. "लग्न झालं की खोलून पाहतो." मी म्हणालो, "मले तं नाही वाटत." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांना संशय आला, असं मला वाटलं.

पुढे राळेगावच्या एका लग्नात ती वणीकडची पार्टी पुन्हा भेटली. मी माझा हॉर्न काखेत मारून त्यांच्या वरातीच्या कडेने चालत राहिलो. लाल फेटेवाला आता दुसराच, नवा हॉर्न वाजवत होता. पंचम आला. घरघरला. परत आला, परत घरघरला. तीच माशी, तोच डबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सपरीत सगळी पार्टी बसली होती. माय पोहे वाढत होती. भाऊजी भट्टी पेटवत होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "भाऊजी, त्यायच्या हॉर्नात आपली नळी आहे."

"आपली कशी असन?" भाऊजी म्हणाले. "आपल्या नळ्या त्या काय समोर आहेत."

"आपल्या सळईवरची आहे. मी सळईले खूण केली होती. दोन्हीकडं पंचम घरघरते."

भाऊजींनी उठून सळई काढली, कापड सोडलं आणि तिच्यावरून अंगठा फिरवत नेला. खाचेपाशी अंगठा थांबला. "हे तू केलं? कानशीनं?"

"हो."

"मले विचारलं असतं तं कुठं माराची ते सांगतलं असतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "अशा खाचेनं घरघर येत नाही, वसंता. पत्रा खाचेत उतरत नाही, वरून जाते. घरघर मधल्या फिरकीच्या नळीत आहे. घाईत मी तेवढी साफ केली नाही. त्यायचाही हॉर्न त्याच कारखान्याचा आहे. आण इकडं, आत्ता खोलून दाखवतो."

मी हॉर्न द्यायला हात पुढे केलाही असता. पण गुलाब मध्ये बोलला, "वा जवाईबापू. खोलाचं, जे असन ते काढून फेकाचं, अन् मंग म्हणाचं पाहा काही नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. खोलून पाहणं हाच पुरावा नष्ट करण्याचा डाव आहे, हे आम्हाला किती चटकन पटलं. बाबा पहिल्यांदाच बोलले. "हॉर्न तिकडं ठेव. यायच्या हाताले लागू देऊ नोको."

"अन् तोंड समोर वळवेल आहे, ते?" मी विचारलं.

"जे भर रस्त्यात हजार लोकायनं पाह्यलं, ते चोरून कायले विकावं लागते? कोणताही तांबट करून देईन."

"मंग मंगळवारी जाता कुठं?" बाबांनी विचारलं.

भाऊजी कुसुमताईकडे पाहू लागले. ती दारात उभी होती. "बाबा, मी सांगू?" ती म्हणाली.

"नोको," भाऊजी म्हणाले. मग बाबांकडे वळून, "ते माह्यं आहे, मामाजी."

"ह्या घरात राहून तुमचं अन् आमचं वेगळं झालं कवापासून?"

भाऊजींनी भट्टी विझवली, निखाऱ्यांवर राख ओढली आणि आत जाऊन कपडे भरू लागले. बाबा कुसुमताईला म्हणाले, "तू राह्य. तुले कोणी जा म्हटलं नाही." ती म्हणाली, "मंग म्हणाची वाट पाहू का?" मायने पोह्यांचं पातेलं तसंच खाली ठेवलं आणि त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेली. ट्रक थांबला, दार लागलं, गिअर पडला. बाबा ओसरीत बसले होते. भरलेला की रिकामा, काही बोलले नाहीत.

पावसाळ्यात लग्नं नव्हती. शेतात चिखल झाला की मी सपरीत बसे. एक दिवस मी तो हॉर्न उघडला. का उघडला सांगता येत नाही, भाऊजींचं बोलणं खोटं ठरवायचं होतं असंच मी स्वतःला सांगितलं. ओठांकडची नळी आधी काढून उजेडाकडे धरली. आत गुळगुळीत. खाचेचा मागमूस नाही. मग मधल्या फिरकीची छोटी नळी शेकून सोडवली. आत सांध्यापाशी झाळेचा एक थेंब होता, तुरीच्या दाण्याएवढा, अर्धा सुटलेला आणि नखाने हलणारा. मी तो काढला, नळी परत बसवली आणि पंचम वाजवला. स्वच्छ. इतका स्वच्छ पंचम त्या हॉर्नात मी कधी ऐकला नव्हता. कोरा हॉर्न इतका गुदमरलेला वाजे की त्यात एका सुराची घरघर वेगळी कळायची नाही. बाकी सगळं सुधारल्यावरच ती उघडी पडे. पुढे त्याच कारखान्याचे हॉर्न मी अनेकदा खोलले आणि मधल्या नळीत, त्याच जागी, तो थेंब सापडत गेला. तिथे बसणाऱ्या कोणा एकाच्या हाताला तशी सवय असणार.

आतून बाबांनी विचारलं, "कोण वाजवून राह्यलं? पंचम चांगला लागला."

"मीच," मी म्हणालो. "साफ केला."

"शिकला म्हणाचं," बाबा म्हणाले.

तेवढ्यावरच ते थांबलं. मी पुढे बोललो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग बोलायला जितका उशीर झाला तितकं बोलणं अवघड होत गेलं. सळई माझ्याकडे राहिली. तिच्यावर मी नळ्या बनवल्या, आदिलाबादपासूनच्या पार्ट्या आमच्याकडे हॉर्न घेऊन येऊ लागल्या. गावात सांगताना मी सांगत असे की आमच्या जावयाने गुपित विकलं, तरी आम्ही पुन्हा उभे राहिलो. हे वाक्य लोकांना आवडे. बाबा तेच खरं धरून गेले. माय अधूनमधून राजूरला जाऊन येई, बाबांना सांगून किंवा न सांगता, आणि आल्यावर भाकरीच्या थापा फार हळू पडत. भाऊजी वारले तेव्हा मी गुडघ्याचं निमित्त सांगून गेलो नाही. त्या वणीकडच्या पार्टीची नळी कोणी बनवली होती हे मला आजही ठाऊक नाही. पण घरघरीवरून आम्ही जे ठरवलं ते सगळं चूक होतं, हे मला त्या पावसाळ्यापासून माहीत होतं.

मागच्या हिवाळ्यात मुलाला गाडी काढायला लावून राजूरला गेलो. कुसुमताई अंगणात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. पाठीत वाकली आहे. मला पाहून म्हणाली, "वसंता का? लय बुढा झाला रे." खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, खाच, थेंब, पावसाळा. ती सोलत राहिली. ऐकताना एकदाही वर पाहिलं नाही. माझ्या जिभेवर तेव्हाही तो प्रश्न आला, मंगळवारी ते कुठे जात? इतकं सगळं कबूल करून झाल्यावरही तो आला. मी गिळला.

"बाबाले सांगतलं होतं?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग मले कायले सांगून राह्यला? मले तं कधीच शंका नोहती. ज्यायले होती त्यायले सांग." सोललेल्या शेंगांची टरफलं बाजूला सारून म्हणाली, "गुलाब जिता आहे का?"

त्या काळच्या पार्टीतला तोच एक उरला आहे. आम्ही राजूरहून परत येताना घरी न थांबता सरळ महागावच्या रस्त्याला लागलो आणि वाटेत एका लॉजवर रात्र काढून दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यात पोचलो. गुलाब निंबाखाली खाटेवर पडला होता. दात गेलेत, क्लॅरिनेट केव्हाच विकली, जीभ तेवढी शाबूत आहे. मी त्यालाही सगळं सांगितलं, सावकाश, मोठ्याने, कारण त्यालाही कमी ऐकू येतं. थेंब केवढा होता ते बोटाने दाखवलं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "तू म्हातारपणी हळवा झाला, भिया. असन थेंब, मी नाही म्हणत नाही. पण काही तरी होतंच. उगाच कोणी आपल्या जवायाले घरातून काढते का?"

"आपण काढलं, गुलाब. तू अन् मी."

"तेच तं सांगून राह्यलो. आपण काय येडे होतो?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. तेवढ्यात त्याची सून चहा घेऊन दारात आली. ओळखीचं कोणी दिसत नाही म्हणून तिने सासऱ्याला विचारलं, "कोण आलं?"

"ज्यायच्या जवायानं हॉर्नची चोरी केली होती ना," गुलाब म्हणाला, "ते पांढरकवड्याचे."